टेस्ट आली का?

2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे फोन वाजला की पलीकडून हमखास हाच प्रश्न यायचा. विचारणाऱ्याला कधी रिपोर्ट हवा असायचा, कधी जिभेची खबरबात. जून 2020 मध्येच केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने वास आणि चव जाणं कोविडच्या लक्षणांत घातलं होतं, त्यामुळे 'टेस्ट' या एका शब्दात दोन काळज्या एकदम वावरत होत्या. 'टेस्ट दिली' म्हणजे नाकात स्वॅबची काडी घालून झाली. 'टेस्ट गेली' म्हणजे चव गेली. 'टेस्ट आली' मात्र दोन्हीकडे चालायचं. चव आली असेल तर जीव भांड्यात पडायचा. रिपोर्ट आला असेल तर काय आला, हे धडधडत्या छातीने विचारावं लागायचं. माझी नाशिकची मावशी या प्रश्नाला न चुकता शेपूट जोडायची, "आमटी कळतेय का तोंडाला?" मग दोन्ही बाजूंना उलगडा व्हायचा.

मी तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. सारख्या वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांचा विषय निघाला की लोक आधी हसायच्या तयारीत असतात. 'स्नॅक्स सेंटर'च्या पाटीवर इंग्रजीत सापांचं स्पेलिंग पडलेलं असतं, तिचा फोटो फिरतो. मला त्या फोटोचा मनापासून राग येतो. पाटी रंगवणाऱ्याला खाण्याचा 'स्नॅक' आणि सरपटणारा 'स्नेक' तोंडाने अगदी व्यवस्थित वेगळे म्हणता येतात. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी बसलेला मुका 'ई' मागच्या स्वराला कसा बदलतो, हे त्याला कुणी कधी समजावून सांगितलेलं नसतं, इतकंच. जे शिकवलंच नाही त्यावरून एखाद्याला हसणं मला पटत नाही.

'टेस्ट'चं प्रकरण वेगळं आहे. तिथे अडचण स्पेलिंगची नाही, कानाची आहे. इंग्रजीत परीक्षेच्या शब्दातला स्वर आखूड आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा असतो. चवीच्या शब्दातला स्वर 'ए'पासून निघतो आणि 'इ'कडे सरकतो. मराठीत 'ए' एकच. इंग्रजीतून येणारे हे दोन्ही स्वर त्याच 'ए'मध्ये येऊन बसतात, आणि एकदा बसले की आपल्या कानाला ते वेगळे काढता येत नाहीत. म्हणून लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन आपल्याकडे एकच, फाटकाचं गेट आणि मिळवण्याचं गेट एकच, तारखेची डेट आणि कर्जाची डेट एकच. 'सेल'मध्ये घड्याळात घालायचा सेल आहे, दुकानात लागलेला सेल आहे, विकणंही आहे. आणि 'वेस्ट'मध्ये तर चार शब्द दाटीवाटीने राहतात: अंधेरी वेस्टमधली पश्चिम दिशा, वाया घालवणं, पॅन्टच्या लेबलावरची कंबर आणि इंग्लंडमध्ये ज्याला वेस्ट म्हणतात तो आपला बनियन.

हे आपल्यालाच होतं असं मुळीच नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी 1984 मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी मुलांना हिंदीतला 'त' आणि 'ट' ऐकवला. सहा-आठ महिन्यांच्या मुलांना तो फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या मुलांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता. घरात कुणीच तो फरक करत नाही, तेव्हा कानाने तो सोडून दिला. म्हणजे 'ताक' आणि 'टाक' यांतला जो फरक आपल्या बालवाडीतल्या मुलाला झोपेतही कळेल, तो लंडनच्या प्राध्यापकाला बरीच मेहनत घेतल्यावर कळतो. पहिल्या वाढदिवसाच्या आत घरातली भाषा कानाला वळण लावून टाकते. आमच्या आठवीच्या वर्गात तेरा वर्षांचे, पक्क्या वळणाचे कान बसलेले असतात. दोन तासांत हे वळण बदलेल, ही अपेक्षाच चुकीची.

तरी मराठीने या बाबतीत फार शहाणपणाने काम केलंय, आणि त्याचं कौतुक व्हावं तेवढं होत नाही. आपण चंद्र स्वीकारला. एका चंद्राच्या जोरावर बॅट आणि बेट, पॅन आणि पेन, हॉल आणि होल हे शब्द आपल्या लिपीत स्वच्छ वेगळे झाले. राज्य शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात 'ॲ' आणि 'ऑ' यांना वर्णमालेतच जागा दिली, पण लोक ते त्याच्या कितीतरी आधीपासून लिहीत होते. लग्नासाठी लॉन ठरवलं आणि त्या लॉनसाठी लोन काढलं, हे वाक्य आमच्या गावात बोलताना वा ऐकताना कुणीही अडखळत नाही. इंग्रजीतले हे दोन शब्द जगातल्या कित्येक भाषकांना छळतात.

दुसरी युक्ती तर कुणी शिकवलेलीही नाही. इंग्रजीत जहाजाचं 'शिप' आखूड आणि मेंढीचं 'शीप' लांब. मराठीच्या वळणात शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर आलं की आधीचा इकार-उकार लांबतो: गरीब, कठीण, मूल, फूल. त्यामुळे जहाजसुद्धा आपल्या तोंडात आपसूक मेंढी होतं. पण एसटीचा कंडक्टर काय म्हणतो? "गाडी फुल्ल आहे!" 'ल' दुप्पट करून तो 'उ' आखूड ठेवतो. म्हटलं तर साधी बोलण्याची सवय, पण इंग्रजी उच्चाराच्या दृष्टीने अचूक. 'फिट्ट बसलं' म्हणतो तेव्हाही हेच. मी मुलांना सांगते, आधी 'शिप्प' म्हणा, कंडक्टरसारखं. मग हळूहळू 'प'वरचा जोर काढा, स्वर आहे तेवढाच ठेवा. पुस्तकातली खूणचिन्हं दाखवून जे तासभर जमत नाही, ते यातून पटकन जमतं, कारण मूळ आवाज त्यांच्या तोंडात आधीपासूनच असतो.

'व'चं तसं नाही. मराठी 'व' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले न लागले असे राहतात, आणि ओठही पुरते गोल होत नाहीत. इंग्रजीत मात्र दोन टोकं आहेत. जनावरांच्या डॉक्टरच्या 'वेट'मध्ये दात ओठावर टेकून हवा घासत बाहेर येते. ओल्या 'वेट'मध्ये दातांचा संबंध नाही, ओठ 'ऊ' म्हणताना होतात तसे पुढे येतात. हे ऐकून कळत नाही, बघून कळतं. म्हणून त्या तासाला मुलांना घरून छोटे आरसे आणायला सांगते. कुणी पावडरच्या डबीतला आणतं, कुणी दाढीचा. दोघादोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने फक्त तोंड बघून कोणता शब्द ते ओळखायचं. आवाज काढायचाच नाही, नुसती ओठांची हालचाल. पहिली पाच मिनिटं खिदळण्यात जातात आणि मी ती जाऊ देते. मग वर्ग शांत होऊन एकमेकांच्या खालच्या ओठाकडे बघायला लागतो. घरी चार म्हशी असलेल्या एका मुलीने एकदा आख्खा नियम एका वाक्यात सांगितला: "बाई, डॉक्टरला दात लागतात, ओल्याला लागत नाहीत." तेव्हापासून आमच्या वर्गात तो नियम तिच्याच शब्दांत चालतो. थांबण्याचा 'वेट' आणि वजनाचा 'वेट' या 'ओल्या'च्या घरातले, म्हणजे दात न लागणारे, हेही त्यांनीच पुढे जोडलं.

इथपर्यंतचे बहुतेक शब्द इंग्रजांना वेगळे ऐकू येतात आणि आपल्याला एक. पण इंग्रजीत असेही ढीगभर शब्द आहेत जे खुद्द इंग्रजांच्या तोंडीही सारखेच. समुद्र आणि बघणं, दोन्ही 'सी'. मांस आणि भेटणं, दोन्ही 'मीट'. रात्र आणि घोड्यावरचा सरदार, दोन्ही 'नाइट'. मुलं वैतागून विचारतात, एकच बोलायचं तर दोन तऱ्हांनी लिहायचं कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला फार आवडतं. चौदाव्या शतकात हे शब्द सारखे नव्हतेच. भेटण्याचा शब्द लांबवलेल्या 'मेट'सारखा म्हटला जाई आणि मांसाचा त्याहून तोंड उघडून, 'मॅट'कडे झुकणारा. सरदाराच्या शब्दाच्या सुरुवातीचा 'क' सगळे स्पष्ट म्हणत. साधारण 1400 ते 1700 या तीनशे वर्षांत इंग्रजीतले दीर्घ स्वर एकामागून एक जागा सोडत वर सरकले. ऑटो येस्पर्सन या डॅनिश भाषातज्ज्ञाने या सरकण्याला पुढे 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' असं नाव दिलं. त्याच काळात, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईने स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि स्वर मात्र चालतच राहिले. आज 'मीट' दोन तऱ्हांनी लिहिताना मुलं सहाशे वर्षांपूर्वीचे दोन उच्चार लिहीत असतात. हे सांगितल्यावर स्पेलिंगवरचा त्यांचा राग जरा निवळतो. पाठ करायचं ओझं तेवढंच राहतं, पण ते कुणाच्या लहरीमुळे आलेलं नाही हे कळतं.

उलटही घडलंय. फूल आणि पीठ यांचे इंग्रजी शब्द सारखेच म्हटले जातात, कारण तो मुळात एकच शब्द. दळलेल्या धान्याचा सगळ्यात उत्तम भाग तो धान्याचं 'फूल'. पुढे लिहिणाऱ्यांनी सोयीसाठी स्पेलिंग वेगळी केली. आपण त्यातलं फूल घेतलं आणि त्याला मंडईत फ्लॉवर म्हणून बसवलं, अर्धा किलोच्या भावात. पिठाच्या गिरणीवर मात्र बऱ्याच ठिकाणी 'फ्लोअर मिल' असं रंगवलेलं असतं, म्हणजे जमिनीची गिरणी. त्या पाटीलाही मी हसत नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. व्याकरणाच्या पुस्तकांत आणि गाइडांत या शब्दांची पानं असतात. डावीकडे एक, उजवीकडे त्याचा जुळा, खाली वाक्यं. ही पानं पाठ करून घेतली जातात, त्यांच्यावर मार्क असतात. माझं ठाम मत आहे की दोन्ही शब्द मुलाला नवे असतील तर त्यांना असं शेजारी शेजारी बसवूच नये. ज्या मुलाने 'प्रिन्सिपल' हा शब्द कधीच कुठे चुकवला नव्हता, ते या पानानंतर पेन हवेत धरून बसतं, शेवटी 'पीएएल' की 'पीएलई'? गोंधळ आधी नव्हता, तो पानाने पेरला. भाषाशिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनीही हे पाहिलंय की एकमेकांसारखे नवे शब्द एकाच बैठकीत शिकवले तर ते डोक्यात एकमेकांत मिसळतात. तरी पानं छापली जातातच.

मी यातला मुद्दलाचा 'प्रिन्सिपल' जूनमध्ये घेते, पेरणीच्या हंगामात, जेव्हा प्रत्येक घरात सोसायटीच्या कर्जाचं बोलणं चाललेलं असतं. मुद्दल किती, व्याज किती, हे आमच्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. मुद्दल म्हणजे मुख्य रक्कम, आणि कॉलेजचे प्रिन्सिपलही मुख्यच, तेव्हा दोघांचा शब्द एक. तत्त्वाचा 'प्रिन्सिपल' त्यांना दिवाळीनंतर भेटतो, विज्ञानाच्या सरांकडे, आर्किमिडीजसोबत. तोवर पहिला पक्का मुरलेला असतो. दोघांची गाठ पडते तेव्हा मुलं म्हणतात, अरे, हा तर त्याच्यासारखा वाटतो. इतकंच. घोटाळा होत नाही, नवल वाटतं.

आपण मराठीतही असेच शिकलो की. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. 'शिर' म्हणजे डोकं, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'सुत' म्हणजे मुलगा, 'सूत' म्हणजे धागा. या जोड्या मीही शाळेत घोकल्या. पण 'दिन' मला खरा कळला तो स्वातंत्र्यदिनामुळे आणि 'दीन' कळला तो दीनदुबळ्यांमुळे. शीर कळली ती आजीच्या 'शीर आखडली गं' या कण्हण्यातून. प्रत्येक शब्द त्याच्या सोबत्यांमुळे ओळखीचा झाला.

सोबती नसतील तर काय होतं, हे विमानवाल्यांना फार मोठी किंमत देऊन कळलं. 19 फेब्रुवारी 1989 ला फ्लाइंग टायगर कंपनीचं एक मालवाहू बोइंग 747 सिंगापूरहून क्वालालंपूरकडे येत होतं. जमिनीवरच्या नियंत्रकाने त्याला 2400 फुटांपर्यंत उतरायला सांगितलं. आकडे त्याने सुटे सुटे म्हटले, 'डिसेंड टू फोर झीरो झीरो'. इंग्रजीत दोनचा 'टू' आणि 'पर्यंत' या अर्थाचा 'टू' कानाला सारखेच. वैमानिकांनी ऐकलं, 'चारशेपर्यंत उतरा', आणि उत्तर दिलं, 'ओके, फोर झीरो झीरो'. ही चूक नियंत्रकाच्या ध्यानात आली नाही. विमान 437 फूट उंचीवर टेकडीला धडकलं. आतले चौघेही गेले. या अपघाताबद्दल मी प्रथम वाचलं तेव्हा रात्री बराच वेळ त्या एका 'टू'चाच विचार करत होते. वाक्यात नियंत्रकाने 'पर्यंत'चा 'टू'ही घातला असता, किंवा शेवटी 'फीट' जोडून नीट पडताळून घेतलं असतं, तर दोनचा 'टू' एकटा पडला नसता.

म्हणूनच रेडिओवर शब्दच बदलून घेतलेत. नऊला तिथे 'नाइनर' म्हणतात, कारण खरखरीत 'नाइन' आणि 'फाइव्ह' एक होतात. पाचाला 'फाइफ', तीनला 'ट्री'. 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही अक्षरांची नावं 1956 पासून जगभरच्या विमानांत याच कारणाने चालतात. औषधांच्या जगातही तेच. ॲसिडिटीवरचं 'लोसेक' हे औषध अमेरिकेत लघवी वाढवणाऱ्या 'लॅसिक्स'शी गल्लत होते म्हणून 1990 मध्ये 'प्रायलोसेक' झालं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये रुग्णसुरक्षेसाठी जे उपाय सांगितले, त्यांत सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या ऐकू येणाऱ्या औषधांच्या नावांचा विषय पहिला होता. कॅन्सरच्या 'विनब्लास्टिन' आणि 'विनक्रिस्टिन' या औषधांची नावं लिहिताना मधली वेगळी अक्षरं मोठ्या लिपीत लिहायची पद्धत पडली, म्हणजे डोळा नेमका तिथे थांबतो. आमच्या गावातल्या मेडिकलवर काउंटरला बसणारा माझा एक जुना विद्यार्थी नाव ऐकल्यावर लगेच विचारतो, "कशासाठी दिलंय डॉक्टरांनी?" घाईतल्या गिऱ्हाइकाला ती चौकशी वाटते. मला तो बरोबर करतोय हे माहीत आहे, आणि मी ते त्याला सांगितलंही.

आपण सगळे फोनवर हेच करतो. पॅनचा नंबर सांगताना 'एम फॉर मुंबई, एन फॉर नागपूर, पी फॉर पुणे'. ही यादी कुठल्याही पुस्तकात नाही, पण आमच्या घरी माझी सासूही ती वापरते, जिचं इंग्रजी अक्षरओळखीपुरतंच आहे. एकटं अक्षर फसवेल हे तिने ओळखलं आणि त्याच्या सोबतीला गाव दिलं.

राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. आज माझ्यासमोर बसणारी मुलं माझ्या पिढीपेक्षा चार वर्षं आधी या आवाजांना भेटतात, आणि त्यांच्या मोबाइलवर दिवसभर इंग्रजी ऐकू येतं. त्यांचे कान जास्त मोकळे असायला हवेत, आणि थोडेफार आहेतही. 'टेइस्ट' असं सरकवून म्हणणारी मुलं दरवर्षी वाढताहेत. त्यांना मी आधी कान आणि तोंड देते, स्पेलिंग मागून.

गेल्या सत्रात एका मुलाने उलटा सवाल टाकला. "बाई, इंग्रजांचंच कशाला, आपलं 'जग' बघा ना." दुनियेचं 'जग' आणि पाण्याचा 'जग'. पहिल्यात 'ज' दाताजवळचा, दुसऱ्यात टाळूवरचा, आणि लिहिताना दोन्ही सारखेच. वर्गाने लगेच आणखी शोधले. थोडंसं या अर्थाचं 'जरा' आणि म्हातारपणाची 'जरा'. आकड्यातले 'चार' आणि 'गाईला चार' मधलं 'चार'. एकीने सुचवलं की दाताजवळच्या 'च' आणि 'ज' खाली टिंब द्यावं, म्हणजे परक्या माणसालाही कळेल. मागच्या बाकावरून लगेच हरकत आली, मग सगळी पुस्तकं परत छापावी लागतील. ती म्हणाली, छापा. तो म्हणाला, "पण तू आजवर कधी चुकलीस का वाचताना?" तिने पुस्तक उघडलं आणि टिंबाशिवाय एखाद्या वाक्यात खरंच अडायला होतं का, ते शोधायला सुरुवात केली. तास संपल्याची घंटा झाली तरी ती आणि तिची बाकावरची मैत्रीण शोधतच होत्या.